गाव किती मोठे, गाव किती दूर?

तुमचे गाव किती मोठे आहे, आणि ते किती दूर आहे? प्रश्न साधे वाटतात. पहिल्याचे उत्तर तुम्ही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पाहून द्याल, दुसऱ्याचे एसटीच्या तिकिटावरून. पण जरा थांबून विचार केलात तर ध्यानात येईल, की ‘किती मोठे’ या प्रश्नात ‘कोणत्या दिवशी?’ आणि ‘कोणाकोणाला धरून?’ असे आणखी दोन प्रश्न दडलेले आहेत. ‘किती दूर’ मध्ये तर चार-पाच आहेत : कोठून, कोठपर्यंत, कशाने, कोणत्या महिन्यात, आणि कोणासाठी?

या दोन संख्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. गावात माणसे किती, यावर गावाला रस्ता मिळणार की नाही हे पुष्कळदा ठरते. आणि रस्ता आहे की नाही, यावर पुढे गावात माणसे किती राहतील हे ठरते. म्हणून या दोन्ही संख्या मोजतात कशा, आणि त्या मोजण्यात काय काय निसटते, हे आज आपण पाहू. लेखाच्या शेवटी तुमच्या गावासाठी करता येईल असे एक काम दिले आहे. त्यासाठी लागेल एक वही, एक घड्याळ आणि चालण्याची तयारी.

गाव म्हणजे नेमके काय?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात वस्ती असलेली गावे ५,९७,६०८ होती आणि ग्रामीण लोकसंख्या सुमारे ८३ कोटी ३७ लाख होती. भागाकार करून पाहा. एका गावाच्या वाट्याला सरासरी १,४०० च्या जवळपास माणसे येतात. ही सरासरी फसवी आहे, हे लगेच सांगायला हवे. एका गावात २,६०० माणसे असली आणि दुसऱ्यात २००, तरी दोघांची सरासरी १,४०० च येते, आणि १,४०० वस्तीचे गाव त्या दोहोंपैकी एकही नसते.

जनगणनेत ‘गाव’ म्हणून जे धरतात ते महसुली गाव. म्हणजे ज्याला महसूल दप्तरात स्वतंत्र नाव आहे, ज्याची शीव ठरलेली आहे आणि ज्याच्या जमिनीचा हिशेब वेगळा ठेवला जातो, असा जमिनीचा तुकडा. त्या तुकड्यावर घरे कशी पसरली आहेत याच्याशी या व्याख्येचा संबंध नाही. देशावर बहुधा सगळी घरे एका गावठाणात दाटीने उभी असतात आणि भोवती शिवार असते. कोकणात तसे नसते. तेथे एका महसुली गावात दहा-बारा वाड्या असतात, आणि एका वाडीतून दुसरीत जायला मध्ये एखादा पऱ्ह्या नाहीतर टेकडी ओलांडावी लागते. आदिवासी भागात पाडे, लमाणांचे तांडे, माळावरची धनगरवाडी, शेतात राहायला गेलेल्यांच्या वस्त्या, या सगळ्यांची गणना कोणत्यातरी महसुली गावात होते. गाव एक, वस्त्या अनेक. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

माणसे मोजण्याची रीत

आपल्या देशात खानेसुमारीचा पहिला प्रयत्न १८७२ च्या सुमारास झाला. सर्व देशात एकाच वेळी केलेली पहिली गणना १८८१ ची. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली. २०२१ ची गणना कोविडच्या साथीमुळे पुढे ढकलली गेली, आणि तिच्या जागी होणाऱ्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाली.

प्रगणक घरोघर जातो तेव्हा तो ‘घर’ मोजत नाही, ‘कुटुंब’ मोजतो. आणि कुटुंबाची व्याख्या आपल्या आजीला पटेल अशीच आहे : जे एका चुलीवरचे जेवतात ते एक कुटुंब. एका वाड्यात तीन भाऊ राहत असले आणि चुली तीन असल्या, तर कुटुंबे तीन. मग प्रत्येकाचे वय, लिंग, शिक्षण, काम यांची नोंद होते. कामाच्या बाबतीत वर्षातले सहा महिने किंवा अधिक काम मिळाले तर ‘मुख्य काम करणारा’ आणि त्याहून कमी मिळाले तर ‘सीमांतिक काम करणारा’, असे दोन वर्ग पाडतात. तुमच्या गावाच्या आकड्यांत सीमांतिक वर्ग मोठा दिसला, तर गावात वर्षभर पुरेल इतके काम नाही असे समजायला हरकत नाही.

आता ‘कोणत्या दिवशी?’ हा प्रश्न. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात गेलात तर काय दिसेल? अनेक घरांना कुलपे, दारात म्हातारी माणसे, आणि शाळेत काही बाके रिकामी. कारण साखर कारखान्यांचा गाळप हंगाम तेव्हा चालू असतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास घर सोडून गेलेल्या असतात. गणनेचा नियम असा, की मोजणीच्या सर्व काळात जो माणूस गावात नव्हता, त्याची नोंद गावात करायची नाही. तो जेथे असेल तेथे करायची. म्हणजे कारखान्याजवळच्या कोपीत राहणारे कुटुंब तेथल्या गावात मोजले जाते. नियमात चूक नाही, एका माणसाची दोनदा मोजणी होऊ नये म्हणून तो हवाच. पण परिणाम पाहा. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस ज्या गावात पाचशे-साडेपाचशे माणसे नांदतात, त्या गावाच्या नावापुढे कागदावर त्याहून कमी आकडा पडू शकतो. आणि तो आकडा पुढची दहा वर्षे, किंवा त्याहूनही अधिक काळ, टिकून राहतो.

कोकणात गोष्ट निराळी आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत ८१,७०८ ने घट! शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच झाली. त्याच काळात महाराष्ट्राची लोकसंख्या मात्र वाढून ११ कोटींच्या पुढे गेली. रत्नागिरीत जन्म थांबले होते असे नाही. माणसे मुंबई-पुण्याकडे गेली. याचा पुरावा दुसऱ्या एका आकड्यात सापडतो. २०११ मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत १,१२२. पुरुष चाकरीला गेले, स्त्रिया घर व शेती सांभाळीत मागे राहिल्या, हे त्या एका संख्येत लिहिलेले आहे. (हीच गणना गणेशचतुर्थीच्या दिवशी केली असती, तर आकडे फार वेगळे आले असते, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.) अशी घट फक्त कोकणातच झाली असे नाही. उत्तराखंडातील अलमोडा आणि पौडी गढवाल या डोंगराळ जिल्ह्यांतही त्या दशकात लोकसंख्या कमी झाली.

अंतर किलोमीटरात की तासात?

खेड्यात कोणालाही ‘अमुक गाव किती लांब?’ असे विचारा. ‘हे काय, हाकेच्या अंतरावर’ किंवा ‘तासाभराची वाट आहे’ असे उत्तर मिळेल. शहरातला माणूस याला हसतो. पण शास्त्राच्या दृष्टीने खेडूताचेच उत्तर अधिक बरोबर आहे. चालणाऱ्याला किलोमीटर लागत नाहीत, वेळ लागतो आणि दम लागतो.

डोंगरातल्या वाटेला किती वेळ लागेल, याचा एक सोपा अंदाज विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला. मेट्रिक मापात तो साधारण असा : दर ५ किलोमीटर अंतराला एक तास, आणि त्याखेरीज दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा, एक वाडी डोंगरावर आहे. खालच्या हायस्कूलपासून तेथपर्यंत पायवाट ४ किलोमीटर आणि चढ ३०० मीटर. सकाळी उतरताना चढ नाही, म्हणून ४८ मिनिटे. संध्याकाळी घरी जाताना ४८ मिनिटे अंतराची आणि ३० मिनिटे चढाची, मिळून ७८. दिवसाला १२६ मिनिटे झाली. शाळेचे दिवस २२० धरले तर वर्षाला ४६२ तास, म्हणजे अहोरात्र चालत राहिल्यास एकोणीस दिवसांहून थोडे जास्त! आणि नेस्मिथचा हिशेब धडधाकट गिर्यारोहकाचा आहे. डोक्यावर पाण्याचा हंडा, कडेवर मूल, पायाखाली निसरडी वाट, यांचा त्यात विचार नाही.

‘कोणत्या महिन्यात?’ हा पुढचा प्रश्न. मराठवाड्यात आणि विदर्भात काळ्या मातीचे रस्ते उन्हाळ्यात दगडासारखे कठीण असतात. पहिल्या दोन पावसांतच बैलगाडीची चाके त्यांत रुततात. याचे कारण मातीच्या कणांत आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी, एकावर एक पातळ थरांची. पाणी या थरांमध्ये शिरते, थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. फुगलेल्या मातीची भार पेलण्याची शक्ती फार कमी होते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की माती आक्रसते आणि तिला भेगा पडतात. अशा मातीवर नुसते डांबर ओतून काही होत नाही. आधी मुरमाचा थर, त्यावर दाबलेल्या खडीचे थर, मध्यभाग थोडा उंच म्हणजे पाणी दोन्ही अंगांना ओघळेल, आणि कडेला ते वाहून नेणारी गटारे, एवढे सगळे लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओढा. आठ किलोमीटरचा उत्तम रस्ता असला आणि मध्ये एका ओढ्यावर मोरी नसली, तर पूर येईल त्या दिवशी रस्त्याची लांबी शून्य! म्हणूनच सरकारी नियमांत ‘बारमाही रस्ता’ याचा अर्थ ‘डांबरी रस्ता’ असा नाही. सर्व ऋतूंत वापरता येईल आणि पाण्याचे प्रवाह ओलांडण्यासाठी मोऱ्या, फरशी, पूल यांची सोय असेल तो बारमाही रस्ता, मग तो खडीचा का असेना. कोकणात ओहोळावर घातलेला एक छोटा साकव शाळेतल्या हजेरीत जो फरक पाडतो, तो कित्येकदा मोठ्या रस्त्यालाही पाडता येत नाही. माझ्या मते गावाच्या दळणवळणाचा अभ्यास रस्त्यापासून सुरू न करता ओढ्यापासून सुरू करावा.

पाचशेची रेघ

सगळ्या गावांना एकदम रस्ते करणे शक्य नसते. मग आधी कोणाला? हा प्रश्न देशाच्या अभियंत्यांपुढे फार पूर्वीपासून आहे. डिसेंबर १९४३ मध्ये निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. ती ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. शेतीच्या दृष्टीने विकसित भागातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून ५ मैलांहून अधिक दूर राहू नये, असे तिचे एक उद्दिष्ट होते. ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर. आज हे आपल्याला फार वाटेल, पण त्या वेळी तेही मोठे स्वप्न होते. येथे मोजमाप अंतराचे होते.

पुढे मोजमाप बदलले आणि लोकसंख्येची कसोटी आली. पाचव्या पंचवार्षिक योजनेतल्या किमान गरजा कार्यक्रमात १,५०० च्या वरची वस्ती असलेली गावे बारमाही रस्त्याने जोडायचे ठरले. १९८१ ते २००१ साठीच्या लखनौ योजनेने ही मर्यादा ५०० वर आणली. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिच्यात आधी १,००० च्या वरच्या आणि मग ५०० च्या वरच्या वस्त्या घ्यायच्या होत्या; डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागांत ही मर्यादा २५०. या योजनेत एक मोठी सुधारणा झाली : ‘गाव’ न धरता ‘वस्ती’ धरली गेली. महसुली गावाच्या नावाखाली झाकल्या जाणाऱ्या वाड्या-पाड्यांना त्यामुळे प्रथमच स्वतंत्र ओळख मिळाली. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या या हिशेबानंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २०११ चे आकडे धरून आणखी २५,००० वस्त्या जोडायचे ठरले.

आता ही रेघ प्रत्यक्षात कशी पडते ते पाहू. मैदानी भागातली वस्ती ‘न जोडलेली’ ठरायची, तर ती बारमाही रस्त्यापासून निदान ५०० मीटर दूर हवी. डोंगरात हेच अंतर वाटेने मोजून दीड किलोमीटर. तसेच मैदानात ५०० मीटर त्रिज्येच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरतात. समजा, मैदानातल्या दोन वस्त्यांत २८० आणि २३० माणसे आहेत. त्यांच्यात ४०० मीटर अंतर असेल तर बेरीज ५१०, म्हणून त्या रेघेच्या वर. हेच अंतर ७०० मीटर असते तर? २८० वेगळे, २३० वेगळे, आणि दोन्ही रेघेच्या खाली. माणसे तीच, चिखल तोच, पण मध्ये तीनशे मीटरांचे शेत अधिक आले.

यात अन्याय आहे का? वर्गात यावर वाद घालून पाहा. पैसा मर्यादित असताना जेथे अधिक माणसांना उपयोग होईल तेथे आधी रस्ता करावा, हे तर्काला धरून आहे. पण रस्ता ज्यांना नसतो त्यांच्यातला प्रत्येक माणूस सारखाच अडतो, हेही तितकेच खरे. माझ्या मते रेघ ओढणे चुकीचे नाही. रेघेखाली किती माणसे राहिली ते मोजायचे सोडून देणे चुकीचे आहे.

दवाखान्याच्या बाबतीत याहून चमत्कारिक गोष्ट दिसते. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी निकष आहे मैदानात ३०,००० लोकसंख्येला एक, आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० ला एक. डोंगराला सवलत दिली आहे असे वाटते. पण भूमितीची थोडी मदत घेऊ. समजा मैदानात दर चौरस किलोमीटरला ४०० माणसे राहतात. मग ३०,००० माणसे ७५ चौरस किलोमीटरांत मावतात, आणि तेवढ्या क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या येते सुमारे ४.९ किलोमीटर. डोंगरात घनता १०० धरा. २०,००० माणसांना २०० चौरस किलोमीटर लागतील, आणि त्रिज्या होईल जवळजवळ ८ किलोमीटर. म्हणजे सवलत देऊनही डोंगरातल्या शेवटच्या घराला दवाखाना अधिक दूरच पडतो. आणि ही सरळ रेषा झाली. डोंगरातली वाट वळणे घेत जाते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, ती फार उपयोगी ठरली आहे. पण गाडी येणार रस्ता असेल तेथपर्यंत. त्यापुढे झोळी आणि चार माणसांचे खांदे. वाडीतली तरुण माणसे शहरात गेलेली असली, तर खांदा देणारे चारजण कोठून आणायचे, हाही लोकसंख्येचाच प्रश्न आहे.

रस्ता आला, गाडी येईल?

महाराष्ट्रात सरकारी बससेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी धावली. तेव्हापासून एसटी आणि खेडे यांचे नाते जडले आहे. तरीही रस्ता असून गाडी नाही, अशी गावे असतातच. कारण गाडीला डिझेल लागते, चालक-वाहक लागतात, आणि हा खर्च निघण्यासाठी काही किमान उतारू हवेत.

या ‘किमान’ च्या कल्पनेवर वाल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये एक प्रसिद्ध उपपत्ती मांडली. कोणतीही सेवा चालण्यासाठी काही किमान गिऱ्हाईक लागते, आणि गिऱ्हाईक त्या सेवेसाठी काही ठरावीक अंतरापर्यंतच जायला तयार असते. किराणा दुकानाला थोडी माणसे पुरतात, सोनाराच्या पेढीला अधिक लागतात, म्हणून दुकाने खेड्यात आणि पेढ्या तालुक्याला. आपल्याकडच्या आठवडी बाजारात ही अडचण मोठ्या हुशारीने सोडवलेली दिसते. एका गावात रोज बाजार भरवण्याइतके गिऱ्हाईक नाही ना? मग गिऱ्हाइकाने दूर जाण्याऐवजी बाजारच फिरू लागला : सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. बांगडीवाला, मसालेवाला, कापडवाला सात गावांचे गिऱ्हाईक एकत्र करून पोट भरतो. ही व्यवस्था ख्रिस्टालरच्या पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

गाडीच्या बाबतीत संख्येइतकेच वेळापत्रक महत्त्वाचे. समजा गावातून सकाळी ९ ला गाडी निघते, १० ला तालुक्याला पोचते, आणि परतीची गाडी तालुक्याहून संध्याकाळी ५ ला आहे. दाखल्यावर एक शिक्का मारून घ्यायचा तरी माणूस घरी येणार ६ वाजता. अर्ध्या तासाच्या कामाला नऊ तास आणि एका दिवसाची मजुरी. तालुक्याहून दुपारी १ ची एक फेरी सुरू केली तर तोच माणूस २ वाजता घरी येईल. रस्त्यावर खडीचा एक दगड न टाकता चार तास वाचले! आणि मुक्कामी गाडी असेल तर आणखी बरे. रात्री गावात थांबून पहाटे निघणाऱ्या त्या गाडीमुळे दूध, भाजी आणि कॉलेजला जाणारी मुले, तिन्ही वेळेवर पोचतात. गाडी नसेल तेथे वडाप किंवा काळी-पिवळी जीप धावते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणजे तिचे वेळापत्रक थेट लोकसंख्येवरच चालते.

परिणाम कसा मोजायचा?

रस्त्याने गावाचे काय होते? ‘रस्ता असलेली गावे श्रीमंत, नसलेली गरीब’ एवढे दाखवून भागत नाही. कदाचित श्रीमंत गावांनीच आधी रस्ता मिळवला असेल! येथे पाचशेची रेघ संशोधकांच्या मदतीला आली. ४९० वस्तीचे गाव आणि ५१० वस्तीचे गाव एकमेकांपासून फारशी वेगळी नसतात; पण दुसऱ्याला रस्ता मिळण्याची शक्यता अधिक. मग रेघेच्या अगदी खालची अनेक गावे आणि अगदी वरची अनेक गावे घेऊन तुलना केली, तर दिसणारा फरक बराचसा रस्त्याचाच म्हणता येईल. सॅम ॲशर आणि पॉल नोव्होसॅद या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रामसडक योजनेचा असा अभ्यास करून २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना आढळले, की रस्ता झाल्यावर काही माणसे शेतीतून निघून बाहेर दुसऱ्या कामाला जाऊ लागली. परंतु शेतीचे उत्पन्न, घरातली चीजवस्तू किंवा एकूण मिळकत यांत मोठा बदल दिसला नाही. रस्ता झाला की गावाचे सोने होते असे म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष पचायला जड जातो. पण याच रीतीने झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, रस्ता झालेल्या गावांत मुलांची शाळेतली नोंदणी वाढलेली दिसली.

दुसरे उदाहरण रस्त्याचे नाही, सायकलचे आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तिचा परिणाम मोजला. त्यांनी बिहारच्या मुलींची तुलना बिहारच्या मुलांशी केली आणि शेजारच्या झारखंडाशीही केली, म्हणजे इतर कारणांनी झालेली वाढ वजा करता येईल. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुले-मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. वाढ मुख्यतः कोठे झाली? जेथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती तेथे. शाळा जागची हलली नाही, पण तासात मोजलेले अंतर घटले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ तालुक्यांत मुलींसाठी सायकली व शाळेच्या बसगाड्या दिल्या गेल्या आहेत; त्या निळ्या गाड्या तुमच्यापैकी काहींच्या रोजच्या ओळखीच्या असतील.

आता तुमचे गाव

जिल्हा जनगणना पुस्तिका नावाचे पुस्तक दर जनगणनेनंतर निघते. त्यात तुमच्या गावाची लोकसंख्या मिळेल आणि शाळा, दवाखाना, टपाल, बस, पक्का रस्ता आहे की नाही तेही कळेल. सोय गावात नसेल तर किती दूर आहे, हे ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, आणि १० च्या पुढे अशा तीन खुणांनी दाखवलेले असते. अर्धा किलोमीटर आणि पावणेपाच किलोमीटर यांना एकच खूण! या खुणेच्या आत काय आहे ते तुम्हाला शोधायचे आहे.

चार-पाच जणांचा गट करा आणि गावाचा हातनकाशा काढा. त्यात गावठाण, वाड्या, वस्त्या, ओढे, मोऱ्या, थांबा आणि शाळा दाखवा. प्रत्येक वस्तीत चुली किती आणि माणसे किती, ते विचारून लिहा. बाहेरगावी गेलेल्यांची नोंद वेगळ्या रकान्यात करा, आणि ते कोणत्या महिन्यात परततात तेही लिहा. मग प्रत्येक वस्तीपासून बसथांब्यापर्यंत स्वतः चालत जा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. परतीचा वेळ निराळा मोजायला विसरू नका.

आता गणित. समजा, तुमच्या गावात गावठाणात ४२० माणसे असून थांबा अर्ध्या किलोमीटरवर आहे. एका वाडीत १८० माणसे, थांबा २ किलोमीटर. दुसरीत ९० माणसे, थांबा ४ किलोमीटर. प्रत्येक वस्तीची लोकसंख्या आणि अंतर यांचा गुणाकार करा : २१०, ३६० आणि ३६०. बेरीज ९३०. तिला एकूण ६९० माणसांनी भागले की दरडोई अंतर सुमारे १.३५ किलोमीटर येते. पण या उत्तरापाशी थांबू नका. गुणाकाराचे तीन आकडे पुन्हा पाहा. ९० माणसांची वाडी रोज जेवढी पायपीट करते, तेवढी १८० माणसांची करते, आणि ४२० माणसांचे गावठाण त्याहून कितीतरी कमी. हाच हिशेब किलोमीटरांऐवजी मिनिटांत करा, आणि पावसाळ्यात एकदा पुन्हा करा. दोन तक्ते शेजारी ठेवले की ओढा कोणत्या वाडीच्या आड येतो ते नकाशा न पाहताही सांगता येईल.

शिक्षकांसाठी एक सूचना. विद्यार्थ्यांनी मोजलेली लोकसंख्या आणि पुस्तिकेतली लोकसंख्या जुळणार नाही. जुळवून घेण्यासाठी आकडे खोडू देऊ नका. दोन्ही आकडे, त्यांच्या तारखांसह, एकाखाली एक लिहून ठेवायला सांगा. तक्त्याची एक प्रत ग्रामसभेत वाचून दाखवता येते. त्यासाठी नकाशा मोठ्या कागदावर काढावा, आणि वाड्यांची नावे तेथले लोक उच्चारतात तशीच लिहावीत.